ओएम-१ घ्यावा का? घ्या, पण दुरुस्तीचे पैसे बाजूला ठेवा



"जुना फिल्मचा कॅमेरा घ्यावा का?", "घेतला तर कोणता?" आणि "भारतात घरी एक पडून आहे, त्याचे काय करू?" हे तीन प्रश्न हल्ली मला वरचेवर विचारले जातात. विचारणारे सगळे आपल्यातलेच. आयटीवाले, डॉक्टर, एक-दोन सीए. मुलगा किंवा मुलगी सतरा-अठराची झाली की एकाएकी तिला फिल्मवर फोटो काढायचे असतात आणि आईबाप गोंधळात पडतात, कारण त्यांनी स्वतः वीसेक वर्षांपूर्वी मोठ्या आनंदाने फिल्मला रामराम ठोकलेला असतो. प्रत्येकाला वेगळे लिहिण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. मी व्यवसायाने मेकॅनिकल इंजिनिअर, इंग्लंडात राहतो, कॅमेऱ्याच्या धंद्याशी माझा काडीचा संबंध नाही. तेव्हा कुणाची जाहिरात करतोय असे समजू नये.

माझे उत्तर आधी सांगून टाकतो. घ्यायचाच असेल तर ऑलिंपस ओएम-१ घ्या. मात्र जेवढ्याला कॅमेरा मिळेल तेवढेच पैसे त्याच्या दुरुस्तीसाठी बाजूला काढा आणि ते देताना घासाघीस करू नका. पहिले वाक्य ऐकून लोक खूश होतात, दुसरे ऐकले की चेहरा पडतो. "पन्नास वर्षांच्या जुन्या डब्याला एवढा खर्च?" पण माझा खरा मुद्दा दुसऱ्या वाक्यातच आहे. तो पटायचा तर हा कॅमेरा एवढा लहान कसा झाला हे आधी बघावे लागेल.

एसएलआर म्हणजे लेन्समधून येणारे दृश्य आरशावर पडून, वरच्या पाच कोनी प्रिझममधून फिरून तुमच्या डोळ्यापर्यंत येते असा कॅमेरा. जे दिसते तेच फिल्मवर उमटते, हा त्याचा मोठा फायदा. पण त्यासाठी आत हलणारा आरसा हवा, वर काचेचा जड प्रिझम हवा, मागे पडद्यांचे शटर हवे, आणि हे सगळे एका ठरावीक अंतरात बसवायला हवे. १९५९ साली आलेल्या निकॉन एफने हा प्रकार जगभरच्या वार्ताहरांच्या हातात दिला. कॅमेरा उत्तमच, पण मीटरवाला प्रिझम आणि लेन्स लावून तो एक किलोच्या वर जातो. दोन बॉडी आणि तीन लेन्स घेऊन दिवसभर हिंडणाऱ्याच्या खांद्याचे काय होत असेल याची कल्पना करा. साठच्या दशकात असे धरून चालत की चांगला कॅमेरा म्हणजे जड कॅमेरा. जड असणे हीच मजबुतीची खूण!

हे ज्याला पटले नाही तो माणूस म्हणजे योशिहिसा मैतानी. जन्म १९३३ चा, वासेदा विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलेला, १९५६ मध्ये ऑलिंपसमध्ये लागलेला. या गृहस्थाचे वैशिष्ट्य असे की तो आधी फोटो काढणारा होता आणि मग कॅमेरे बनवणारा. तरुणपणी स्वतः लायका वापरायचा. नोकरीला लागल्यावर तीनच वर्षांत, १९५९ मध्ये, त्याचा ऑलिंपस पेन बाजारात आला. नेहमीच्या ३५ मिमी फ्रेमच्या जागी अर्धी फ्रेम, म्हणजे छत्तीसच्या रोलवर बहात्तर फोटो, आणि लक्ष्य असे की किंमत सहा हजार येनांच्या आसपास राहावी. १९६३ मध्ये त्याच अर्ध्या फ्रेमचा एसएलआर काढला, पेन एफ. त्यात वरचा प्रिझमचा उंचवटाच नाही, सपाट माथा. तो पहिल्यांदा हातात घेतला तर एसएलआर आहे यावर विश्वास बसत नाही.

पुढे कंपनीला पूर्ण फ्रेमचा एसएलआर हवा झाला. दरम्यान १९७१ मध्ये ऑलिंपसने एफटीएल नावाचा एक चारचौघांसारखा स्क्रू-माउंटचा कॅमेरा काढलाही, पण मैतानीला तशात रस नव्हता. एसएलआरचे तीन शत्रू आहेत, असे तो म्हणे. मोठेपणा, वजन, आणि शटर दाबल्यावर बसणारा धक्का. या तिघांना घालवायचे. वजन निम्म्यावर आणायचे.

इंजिनिअर मंडळींना हे ऐकून हसू येईल. वजन पाच टक्के कमी करा म्हटले तरी मीटिंगमध्ये लोक कपाळाला हात लावतात. पाच टक्के कमी करायचे तर पत्रा थोडा पातळ करता येतो, दोन स्क्रू कमी करता येतात. निम्मे करायचे तर जुन्या आराखड्याला हात लावून उपयोग नाही, प्रत्येक भाग आहे तिथे का आहे हेच नव्याने विचारावे लागते. मैतानीने नेमके ते केले.

सर्वसाधारण एसएलआरमध्ये शटरचा वेग ठरवणारी चकती वर उजव्या हाताला असते आणि तिची यंत्रणा तिच्या खाली, वरच्या झाकणात. मैतानीने ती यंत्रणा उचलून आरशाच्या पेटीखाली, कॅमेऱ्याच्या तळाशी नेली. तिथे अशीही जागा रिकामीच असते. मग ती चालवायला कडी कुठे ठेवायची? लेन्स जिथे बसते त्या माउंटभोवती. शटरचे पडदे ओढायला इतर कॅमेऱ्यांत कापडी फिती असतात. त्या गुंडाळल्या की जाडी वाढते, म्हणून त्याने फितींच्या जागी बारीक दोऱ्या वापरल्या. प्रिझमखाली इतरांच्या कॅमेऱ्यात एक वेगळे बहिर्गोल भिंग असते. त्याने प्रिझमचा तळच तसा घडवला आणि ते भिंग काढून टाकले, तेवढेच काही मिलिमीटर वाचले. आरसा मात्र लहान केला नाही, उलट चांगला मोठा ठेवला, नाहीतर लांब पल्ल्याची लेन्स लावली की दृश्याचा वरचा भाग काळा दिसू लागतो. मोठा आरसा आदळला की धक्काही मोठा, म्हणून त्याला हवेचा दट्ट्या बसवला. सायकलच्या पंपाचे तोंड अंगठ्याने दाबून दांडा खाली ढकलला की जसा मऊ विरोध जाणवतो, तत्त्व तेच.

१९७२ च्या जुलैत तो जपानात एम-१ या नावाने आला. त्याच वर्षी कोलोनच्या फोटोकिना प्रदर्शनात तो मांडल्यावर लायकावाल्या लाइट्झ कंपनीने नावाला हरकत घेतली, कारण त्यांचा एम१ नावाचा कॅमेरा आधीच होऊन गेला होता. मग पुढे 'ओ' लागला आणि ओएम-१ झाला. ओ म्हणजे ऑलिंपस, एम म्हणजे मैतानी, अशी फोड लोकांनी करून घेतली आणि ती टिकली.

आता मापे बघा. रुंदी १३६ मिमी, उंची ८३ मिमी, बॉडीचे वजन ५१० ग्रॅम. लायका एम३ ची रुंदी १३८, उंची ७७, वजन ५८० ग्रॅमच्या घरात. म्हणजे ज्याच्यात आरसाही नाही आणि प्रिझमही नाही, त्या लायकापेक्षा हा आरसा-प्रिझमवाला अरुंद आणि हलका निघाला. उंचीत तेवढा सहा मिलिमीटरने जास्त. मी नोकरीत अनेक चांगल्या गोष्टी पाहिल्या, पण एवढ्या जुन्या आराखड्यात इतकी जागा रिकामी सापडू शकते हे ओएम-१ चे खालचे झाकण उघडल्यावरच कळले.

लहान कॅमेरा म्हणजे डोळ्याला छोटी खिडकी, हा आपला नेहमीचा अनुभव. इथे उलटे आहे. ओएम-१ च्या व्ह्यूफाइंडरमध्ये पहिल्यांदा डोळा लावणारा माणूस हमखास "अरे!" म्हणतो. ५० मिमी लेन्स लावली की ०.९२ पट दृश्य दिसते, जवळजवळ जसेच्या तसे, आणि फ्रेमचा ९७ टक्के भाग. त्यात डाव्या बाजूला एक काटा आणि बाकी काही नाही. आकडे नाहीत, दिवे नाहीत. आजच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर विमानाच्या कॉकपिटसारखी गर्दी असते. तिथून इथे आलात की रविवारी दुपारी लक्ष्मी रोडवर चालत असताना एकदम रस्ता रिकामा व्हावा तसे वाटते. अर्थात याची दुसरी बाजू आहे. शटरचा वेग किती लावलाय हे आत दिसत नाही, कॅमेरा डोळ्यापासून खाली घेऊन बघावे लागते. अंधारात तर काटाही दिसत नाही. भक्त मंडळी याला साधेपणा म्हणतात. मी उणीव म्हणतो आणि वापरतो.

सवय व्हायला खरा वेळ लागतो तो तीन कड्यांना. लेन्सच्या टोकाला अ‍ॅपर्चर, मधे फोकस, माउंटला शटर. तिन्ही डाव्या हातात. उजवा हात फक्त रोल पुढे सरकवणार आणि बटण दाबणार. इतर कॅमेऱ्यांत जिथे शटरची चकती असते तिथे इथे फिल्मचा वेग लावायची चकती आहे, २५ ते १६००. निकॉनची सवय असलेला माणूस पहिले चार दिवस शटर समजून तीच फिरवतो. पाचव्या दिवसानंतर मात्र असे होते की कॅमेरा डोळ्यावरून न काढता सगळे हाताला सापडायला लागते आणि मग दुसरा कॅमेरा अडाणी वाटू लागतो.

बाकीच्या कंपन्यांनी काय केले तेही बघण्यासारखे आहे. १९७६ मध्ये पेंटॅक्सने एमई आणि एमएक्स काढले. पैकी एमएक्स तर ओएम-१ पेक्षा अर्धा अर्धा मिलिमीटरने लहान आहे. एवढ्या नेमक्या फरकाने लहान करणे हा योगायोग असेल असे मानायला मी तयार नाही :-) त्याच वर्षी कॅननचा एई-१, पुढच्या वर्षी निकॉनचा एफएम. पाच वर्षांत साऱ्या बाजाराने वजन उतरवले. १९७५ मध्ये ऑलिंपसनेच ओएम-२ आणला. शटर उघडे असताना पडद्यावरून आणि फिल्मवरून परावर्तित होणारा प्रकाश त्याच क्षणी मोजणारा तो जगातला पहिला. बुद्धीने थोरच, पण विजेवर चालणारा.

"लहान कॅमेरा हौशी लोकांसाठी" असे ज्यांना वाटते त्यांना मी जेन बाऊनचे नाव सांगतो. इथल्या ऑब्झर्व्हर या रविवारच्या पेपरासाठी १९४९ पासून अर्धशतकाहून अधिक काळ तिने माणसांचे चेहरे टिपले. बेकेटचा १९७६ चा तिचा फोटो तुम्ही नाव माहीत नसतानाही पाहिलेला असेल. तिची पुढची सारी कारकीर्द ओएम-१ वर गेली, बहुतेक वेळा ८५ मिमीची लेन्स लावून. फ्लॅश नाही. आतला मीटरही नाही, स्वतःच्या हाताच्या मागच्या बाजूवर उजेड कसा पडतो ते बघून ती एक्स्पोजर ठरवायची. आणि कॅमेरे बाजारहाटाच्या पिशवीतून न्यायची. समोरच्या बड्या माणसाला वाटावे, बाई भाजी घेऊन आल्या आहेत. निकॉन एफच्या जोड्या गळ्यात घालून हे जमले नसते. २०१४ मध्ये ती गेली. मैतानी त्याआधी २००९ मध्ये गेला.

आता "भारतात पडून असलेल्या" कॅमेऱ्यांकडे येतो, कारण त्यातही ओएम-१ बऱ्यापैकी आहेत. सत्तरच्या दशकात आपल्याकडे मध्यमवर्गीय घरात कॅमेरा म्हणजे बडोद्यात बनणारा अग्फा क्लिक थ्री. १२० चा रोल, बारा फोटो, ऊन आहे की ढग एवढेच ठरवायचे. परदेशी एसएलआर दुकानात जाऊन घेणे ही गोष्टच नव्हती, तो यायचा कुणाच्या तरी गळ्यातून. माझा मामा मस्कतला एका बांधकाम कंपनीत होता. १९७९ मध्ये सुट्टीवर येताना त्याने ओएम-१ आणला, सांताक्रूझला उतरताना मुद्दाम गळ्यात घालून, म्हणजे कस्टमवाल्यांना वापरातली वस्तू वाटावी. डोंबिवलीच्या त्या दोन खोल्यांत पुढची वीस वर्षे घरातल्या मुंजी, बारशी, लग्ने, आजीचे सहस्रचंद्रदर्शन, सगळे त्या एका कॅमेऱ्याने काढलेले आहे. छत्तीसचा रोल चार-चार महिने पुरवायचा. एका प्रसंगाचे दोन फोटो काढले की मामी म्हणायची, "अहो, एकदा झालंय ना!"

बिल्डिंग पुनर्विकासाला गेली तेव्हा मामेभावाचा फोन आला. सामान हलवतोय, कॅमेरा बंद आहे, मीटरचा काटा हलत नाही, भंगारवाला कॅसेट प्लेअर आणि कॅमेरा मिळून तीनशे रुपये देतोय, देऊ का? आपल्यापैकी अनेकांना असे फोन येत असतील किंवा येतील. पुण्यात, ठाण्यात, दादरला जुन्या इमारती पडताहेत आणि आपली पिढी इकडून व्हॉट्सॲपवर "टाकून दे" म्हणते आहे. माझे म्हणणे एवढेच की काटा हलत नाही म्हणजे कॅमेरा बंद नाही. ओएम-१ ला बॅटरी लागते ती फक्त मीटरला. शटर, आरसा, रोल सरकणे, सगळे स्प्रिंगवर आणि दात्यांच्या चाकांवर चालते. एक सेकंदापासून एक हजारांश सेकंदापर्यंत सगळे वेग बॅटरीशिवाय चालतात. पुढचे ओएम-२ किंवा ओएम-१० बॅटरीविना अडून बसतात आणि त्यांचे इलेक्ट्रॉनिक सर्किट गेले की नवे कुठेही बनत नाही. म्हणून माझी शिफारस ओएम-१.

मीटर बंद असण्याचे कारण बहुतेक वेळा साधे असते. हा कॅमेरा १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर बेतलेला आहे. पाऱ्याच्या विषारीपणामुळे तिची विक्री अमेरिकेत १९९६ पासून कायद्याने बंद झाली, बाकी जगातही ती गेली. त्या मापाची १.५ व्होल्टची अल्कलाइन बॅटरी बसते, पण मीटर चुकीचे सांगतो आणि बॅटरी उतरत जाईल तसा वेगवेगळे चुकीचे सांगतो. श्रवणयंत्राची ६७५ नंबरची झिंक-एअर बॅटरी एका रिंगमध्ये बसवून चालते, स्वस्त आहे, पण काही आठवड्यांत संपते. पक्का उपाय म्हणजे दुरुस्तीवाल्याकडून आत एक डायोड लावून घेणे, मग सिल्व्हर ऑक्साइडची साधी बॅटरी चालते. आणि काहीच नको असेल तर जुना नियम आहेच. लख्ख उन्हात एफ/१६ आणि शटर फिल्मच्या वेगाइतके, म्हणजे १०० ची फिल्म असेल तर १/१२५. सोलापूर-नागपूरला हा नियम वर्षाचे आठ महिने चालतो. इंग्लंडात वर्षाचे आठ दिवस.

याहून वाईट रोग फोमचा. प्रिझमवर फोमची पट्टी असते. चाळीस-पन्नास वर्षांत तो फोम कुजतो, चिकट काळा होतो आणि प्रिझमचा चांदीचा मुलामा खाऊन टाकतो. मग व्ह्यूफाइंडरमध्ये डाग किंवा काळी रेघ दिसते. मागच्या झाकणाच्या खाचेतला फोमही असाच जातो आणि उजेड आत झिरपतो. ही झीज वापराने होत नाही, नुसते कपाटात ठेवूनही होते. किंबहुना मी तर म्हणेन कपाटात ठेवूनच जास्त होते, कारण तिकडे कुणी बघत नाही. जुने तेल गोठते, मंद वेग अडखळायला लागतात. एक सेकंदाचे शटर दीड सेकंद घेते.

आणि इथेच तो लहानपणा आडवा येतो. मैतानीने मिलिमीटर-मिलिमीटर वाचवून यंत्र तळाशी नेले, दोऱ्या लावल्या, सगळे एकमेकांत घट्ट बसवले. त्यामुळे ते उघडणाऱ्याला एक गोष्ट काढण्यासाठी पाच काढाव्या लागतात आणि परत लावताना दोन्ही पडद्यांचा ताण एकमेकांशी जुळवावा लागतो. जुन्या मोठ्या कॅमेऱ्यात स्क्रूड्रायव्हर घालायला जागा तरी असते, इथे नाही. यूट्यूब बघून स्वतः उघडण्याच्या फंदात पडू नका, असे मी इंजिनिअर असूनही सांगतो. मामाचा कॅमेरा मी इथल्या एका सत्तरीतल्या गृहस्थांकडे दिला. घराच्या मागच्या खोलीत बसून काम करतात, भिंतीला फक्त छोट्या डब्यांचे कप्पे, प्रत्येक डब्यात मेलेल्या कॅमेऱ्यांचे सुटे भाग. त्यांनी फोम साफ केला, प्रिझम वाचला, शटर जुळवले, डायोड लावला. सगळे मिळून सव्वाशे पौंडांच्या वर घेतले. हिशेब केला तर त्यांच्या तासाचा दर माझ्याकडे येणाऱ्या प्लंबरपेक्षा कमी पडतो. त्यांच्या हाताखाली शिकणारा कुणी नाही. मुलगा अकाउंटंट आहे.

मुंबईत फोर्टात बोराबाजारला कॅमेरे दुरुस्त करणारे अजून आहेत, हात चांगले आहेत, पण तिथेही तोच प्रकार. काउंटरवर गिऱ्हाईक म्हणते, "अहो, नुसतं तेल तर द्यायचंय." ज्या कामाला दोन दिवस लागतात त्याला आपण तेल देणे म्हणतो आणि पाचशे रुपये पुढे करतो. आपल्यातले बहुतेक जण सल्ल्याच्या, कौशल्याच्या कामावर पोट भरतात. आपल्या तासाचा दर कुणी निम्मा करा म्हटले तर आपण काय उत्तर देऊ? तो हिशेब मात्र घड्याळवाला, कॅमेरेवाला, शिलाई मशीनवाला समोर आला की कुठे जातो कोण जाणे. ऑलिंपसने २००२ मध्ये ओएम मालिका बंद करत असल्याचे जाहीर केले. २०२१ मध्ये तर कॅमेऱ्याचा विभागच वेगळा काढून विकला. नवे सुटे भाग येणे केव्हाच थांबलेले आहे. यापुढे हे कॅमेरे किती वर्षे चालतील हे धातूवर फारसे अवलंबून नाही, ते या पाच-पंचवीस माणसांना जगण्यापुरते काम मिळते का आणि ते कुणाला शिकवून जातात का यावर आहे.

काही जण म्हणतील, फोन याहून चांगले फोटो काढतो, मग हा उपद्व्याप कशाला? काढतो, शंभर टक्के काढतो. रात्री तर फारच चांगले. मी मुलांच्या शाळेतले कार्यक्रम फोनवरच टिपतो. रोल आणि धुलाई-स्कॅनिंग धरून इथे फिल्मचा एक फोटो साठ-सत्तर पेन्सला पडतो, तेव्हा बचतीचा मुद्दा तर बोलूच नका. तरी २०२४ मध्ये पेंटॅक्सने नवा फिल्म कॅमेरा काढला, तोही अर्ध्या फ्रेमचा, मैतानीच्या पेनसारखा बहात्तर फोटोंचा. म्हणजे मागणी आहे. ती नुसती फॅशन आहे का? थोडी आहेच. लाल-निळे कातडे चिकटवून इन्स्टाग्रामसाठी मांडून ठेवलेले ओएम-१ मीही पाहिले आहेत आणि मला ते बघवत नाहीत. पण माझी सोळा वर्षांची मुलगी मामाच्या कॅमेऱ्यावर तिसरा रोल काढते आहे, आणि अ‍ॅपर्चर म्हणजे काय हे तिला जे फोनवर चार वर्षांत कळले नाही ते दुसऱ्या रोलवर कळले, कारण कडी फिरवताना लेन्समधली पाती मिटताना दिसतात.

विकत घेणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. इंटरनेटवर शोधताना 'ओएम-१' नावाचा २०२२ चा डिजिटल कॅमेराही येतो, तो वेगळा. जुन्यात साधा ओएम-१, १९७४ पासूनचा एमडी आणि १९७९ पासूनचा ओएम-१एन असे प्रकार आहेत. फार फरक नाही, ज्याची अवस्था चांगली तो घ्या. लेन्स काढून आकाशाकडे बघा, प्रिझममध्ये डाग दिसतो का. एक सेकंदावर शटर दाबून मनात एक-हजार-एक मोजा. "टेस्ट केलेला नाही" असे लिहिलेला कॅमेरा म्हणजे टेस्ट केला आणि चालला नाही असे समजावे. ५० मिमी एफ/१.८ ची झुइको लेन्स सोबत मिळाली तर सुरुवातीला तेवढी पुरे.

आणि घरून आलेला कॅमेरा असेल तर एक विनंती. हातात आल्या आल्या मागचे झाकण उघडू नका. डावीकडची रोल गुंडाळायची छोटी दांडी उलगडून बाणाच्या दिशेने हलक्या हाताने फिरवा. सैल फिरली तर आत काही नाही. अडली, तर आत रोल आहे. पुढच्या बाजूचा 'आर' लिहिलेला खटका फिरवा, दांडी शेवटपर्यंत गुंडाळा, एकदम सैल झाली की मगच झाकण उघडा. मामाच्या कॅमेऱ्यात होता. एकवीस फोटो काढलेले, बाकीचे कोरे. धुवून आणले तर रंग बरेच उडालेले, पण चेहरे ओळखता येतात. चौदा फोटो मामीचे आहेत, गच्चीवर पापड वाळत घालताना. मामेभावाला पाठवले आहेत.